दिवाळसणाचा प्रोसेसर

“फॅन बंद कर आधी!”

पाठीमागून अचानक आवाज आला आणि मी दचकले. दोन बोटांच्या चिमटीत कडांनी धरलेला प्रोसेसर सुटला, मांडीवर आपटला आणि तिथून शहाबादी फरशीवर पडला. आवाज फार झाला नाही. बांगडीचा तुकडा पडावा तेवढाच. पण मला तो अजून ऐकू येतो.

दारात माझे सासरे उभे होते. पांढरा लेंगा, वर खिशाची बंडी, उजवा हात नेहमीसारखा बंडीच्या खिशात.

“उघड्या यंत्रावर वारं घेत न्हाईत,” आप्पा म्हणाले. “धूळ जाते आत.” मग त्यांची नजर फरशीवर गेली. “काय पडलं?”

“दिवाळसण,” मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

हे दिवाळसणाचं आधी सांगायला हवं. नाहीतर बोटभर चौकोनी तुकड्यासाठी सत्तावीस वर्षांची बाई फरशीवर बसून का रडत होती, ते कळायचं नाही.

मला कॉम्प्युटरचं वेड. वेड म्हणजे साधंसुधं नाही. नाशिकला दहावीच्या सुट्टीत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम भाड्याने आणला होता, तो परत करायच्या दिवशी मला ताप भरला होता, असं आई सगळ्यांना सांगते. कॉलेजात असताना शिकवण्या घेऊन एकेक भाग जमवला आणि पहिलं मशीन स्वतः जोडलं. तेव्हापासून ते कधी पूर्ण झालंच नाही. आज रॅम वाढव, उद्या हार्ड डिस्क बदल, परवा नवा गेम अडखळतोय म्हणून ग्राफिक्स कार्ड बदल. माझ्या कॅबिनेटची एक बाजू कायम उघडी असायची. लावलेला पत्रा पुन्हा काढायचाच असतो, मग लावा कशाला?

लग्नात माझ्या रुखवतावर सुपारीचा गणपती आणि क्रोशाचा रुमाल यांच्या मधोमध हे मशीन ठेवलेलं होतं, आतला निळा दिवा लावून. सुकुमारच्या एका आत्यांनी सगळीकडून वाकून बघितलं आणि विचारलं, “मिक्सर मोठा घेतलाय गं, पण भांडी कुठायत?”

सुकुमार मला पुण्यात कॉम्प्युटरच्या कोर्सला भेटला होता. पहिल्याच आठवड्यात मी त्याला गाड्यांच्या शर्यतीत सात वेळा हरवलं आणि तो सातही वेळा मनापासून हसला. हरून हसणारा पुरुष दिसला की सोडू नये, असं माझं मत आहे. घरच्यांची थोडी कुरकुर झाली, पण लग्न झालं आणि मी मिरजेला आले. सुकुमार कुपवाडला कारखान्यात जायचा, मी सकाळी एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे आणि दुपारी घरी असायचे. घरात तिसरे आप्पा. सासूबाई चार वर्षांपूर्वीच गेल्या होत्या.

मग २००४ ची दिवाळी आली. आमची पहिली. पाडव्याला नाशिकला गेलो. बाबांनी जावयाला विचारलं, दिवाळसणाला अंगठी करायची, माप द्या. सुकुमार म्हणाला, “अंगठी नको, बाबा. हिला एक प्रोसेसर हवाय, वर्षभर म्हणतेय. तो द्या.” बाबा आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेले. जावयाच्या हक्काचं सोनं सोडून जावई बायकोसाठी पिना लावलेलं बिस्कीट मागतो, हे त्यांना दोन वेळा समजावून सांगावं लागलं. शेवटी ते आलं. आईने खोक्याला हळदकुंकू लावलं. सुकुमारने ते ओवाळणीच्या ताटातून उचललं आणि सगळ्यांच्या देखत माझ्या हातात दिलं. माझ्या मावशीने नाक मुरडलं. पण मला त्या दिवशी जेवढं वाटलं, तेवढं मंगळसूत्र घालतानाही वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू?

तो प्रोसेसर मिरजेला आल्यावर तिसऱ्या दिवशी फरशीवर पडला होता. सुकुमार संध्याकाळी येऊन नवं मशीन बघणार होता.

मी तो उलटा करून उजेडात धरला. एका कोपऱ्यातल्या सात पिना वाकल्या होत्या. केसासारख्या पिना. एक जरी तुटली तर सगळा तुकडा वाया.

“वाकल्यात,” आप्पा लांबूनच म्हणाले.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. समोर उभा असलेला माणूस चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होता. मार्केटच्या मागच्या गल्लीत ‘शेडबाळे वॉच कंपनी’ अशी पाटी अजून होती. बायकांच्या नखाएवढ्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग सरळ करणारा माणूस! दीड वर्षापूर्वी त्यांनी दुकान बंद केलं होतं. आता सगळे मोबाईलमध्ये वेळ बघतात, घड्याळं कोण दुरुस्त करतंय, असं ते सगळ्यांना सांगायचे. तरी रोज दहाला जाऊन अर्धं शटर वर करून तासभर बसून यायचे.

“आप्पा, तुम्ही करून द्याल? तुमच्याकडे बारीक चिमटा असेल. तुमच्यासाठी पाच मिनिटांचं काम आहे.”

“मी ते काम सोडलं,” आप्पा म्हणाले आणि आत निघून गेले.

झालं. एवढंच. मी फरशीवर बसून राहिले. वाईट पिनांचं वाटत होतं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. या माणसाला मी आवडत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लग्न होऊन आले, दुसऱ्या दिवशी सकाळी साडी सावरत चहाचा कप घेऊन त्यांच्यापुढे गेले. नव्या सुनेचा पहिला चहा. त्यांनी वर न बघता सांगितलं, “ठेव तिथं.” मी टीपॉयवर ठेवला आणि मागे फिरले. तेव्हापासून रोज तेच. चहा नेला, ठेव तिथं. औषधाचं पाणी नेलं, ठेव तिथं. दिवाळीला फराळाची बशी नेली, ठेव तिथं. माझ्या हातातून त्यांनी सात महिन्यांत एक वस्तू घेतली नव्हती. आमच्या घरात असं कुणी केलं असतं तर मी तोंडावर विचारलं असतं. पण सासरी तोंडाला कुलूप लावायचं, हे आईने चार वेळा बजावलं होतं.

अर्ध्या तासाने आप्पा बाहेर आले. डोक्यावर टोपी, पायात चपला, डाव्या हातात एक जुनी ॲल्युमिनियमची चपटी डबी.

“यात घाल ते. हातात धरून रस्त्यानं न्यायचं न्हाई. आणि चल.”

“कुठे?”

“दुकानात. तुझ्या बाबानं जावयाला दिलेली वस्तू माझ्या ओरडण्यानं पडली. उद्या त्यांना काय तोंड दाखवू?”

ती डबी आजही माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी ती दोन्ही हातांत धरून त्यांच्या मागून चालत गेले.

त्यांनी डाव्या हाताने कुलूप काढलं. मी शटर वर ढकललं. आत शिरले आणि थबकलेच. भिंतीवर अकरा घड्याळं होती आणि अकराही चालू होती. सगळ्यांत तीन वाजून दहा मिनिटं. दीड वर्ष बंद असलेल्या दुकानात हा माणूस रोज तासभर काय करतो, ते मला तेव्हा कळलं.

काचेचं टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा, एका बाजूला उघडी घड्याळं झाकायच्या काचेच्या वाट्या. मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायला गेले.

“तिथं न्हाई. इथं.” त्यांनी स्वतःची खुर्ची दाखवली.

“मी? आप्पा, मला नाही जमणार. मी स्क्रू पिळणारी बाई आहे.”

“तुझी वस्तू, तूच कर. मी सांगतो.”

मला राग आला. इथपर्यंत आणलं, आता स्वतःचे हात मळवायचे नाहीत! पण बसले. ते स्टुलावर बसले, गिऱ्हाइकासारखे, उजवा हात खिशात.

“ड्रॉवरमध्ये भिंग आहे. डोळ्यावर बसव. भुवई आणि गालामधी धरायचं, हातानं न्हाई. तसं. आता दिसतंय?”

दिसत होतं. पिना उसाच्या फडासारख्या दिसत होत्या. कोपऱ्यात सात धाटं आडवी.

“मनगट टेबलावर टेकव. हात अधांतरी ठेवून काम करू नये. आता चिमटा घे, तिसरा, काळ्या टोकाचा. श्वास घे. सोड. सोडलेला असतानाच हात लाव.”

“आणि तुटली तर?”

“एकदा वाकलेला धातू एकदाच ऐकतो. सरळ कर आणि सोडून दे. जास्त नीट करायच्या नादाला लागलीस, पलीकडं गेली, परत आणलीस की तुटली. माणसाचं बी तसंच आहे. चल, पहिली.”

पहिल्या पिनेला मला दहा मिनिटं लागली. घाम नाकावरून ओघळला. दुसरीला पाच. तिसरीला आप्पा म्हणाले, “हात चांगला आहे तुझा. कुठं शिकलीस?”

“गेम खेळून.”

“काय?”

“खरंच. दहा-बारा वर्षं माऊस आणि बटणं. अर्धा इंच इकडेतिकडे झालं की मरतो आपण.”

ते हसले. मी भिंगातून मान वर केली नाही, पण ऐकलं. सात महिन्यांत पहिल्यांदा.

सहा पिना झाल्या. सातवी सगळ्यात आतली होती. शेजारच्या पिनेला टेकलेली. तिच्यात चिमटा घालायचा तर प्रोसेसर तिरका धरायला हवा होता आणि माझे दोन्ही हात अडकलेले. “हा जरा तिरका...” मी पुटपुटले. आप्पांनी दुसरा चिमटा उचलला आणि कड धरायला हात पुढे केला. चाळीस वर्षांची सवय. हात आपला आपण गेला असणार.

काचेच्या टेबलावर चिमट्याचं टोक वाजायला लागलं. टकटकटकटक. भिंगातून मला तो हात एवढा मोठा दिसला. दिव्याखालचा उजवा हात, जो मी या घरात आल्यापासून खिशाबाहेर कधी धड पाहिलाच नव्हता. अंगठा बोटांवर घासल्यासारखा हलत होता, थांबतच नव्हता.

मी भिंग काढलं. आप्पांनी हात मागे घेतला नाही. घेऊन उपयोग नव्हता.

“दीड वर्ष झालं,” ते म्हणाले. “पयल्यांदा वाटलं, अशक्तपणा असंल. मग मिशन हॉस्पिटलातली एक नर्स बाई घड्याळ घेऊन आली. तिच्या आईचं होतं. हातातून सुटलं, आतला नाजूक भाग तुटला. मी तिला सांगितलं, याचे पार्ट आता मिळत न्हाईत. खोटं बोललो. सुकुमारच्या आईचं घड्याळ ड्रॉवरमधी होतं, ते दिलं तिला. आणि शटर ओढलं.”

“सुकुमारला माहीत आहे?”

“न्हाई. आणि तू बी सांगायचं न्हाईस.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. एकेक गोष्ट डोक्यात जागेवर बसत होती.

“म्हणून ‘ठेव तिथं’?” मी विचारलं.

“मग काय करू?” आप्पा एकदम म्हणाले. “नवी सून पयला चहा घेऊन आली. कप हातात घेतला असता तर बशी वाजली असती, चहा सांडला असता तुझ्या साडीवर. सगळं घर पाव्हण्यांनी भरलेलं. तू काय समजलीस?”

मी काय समजले ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. सात महिने मी या माणसाबद्दल मनात काय काय बोलले होते! मला माझीच लाज वाटली. मी पुन्हा भिंग लावलं.

“तुम्ही नुसतं सांगा, आप्पा. मी डाव्या हाताने तिरका धरते.”

सातवी पिन सरळ झाली तेव्हा अकरा घड्याळांनी चारचे ठोके दिले. सगळ्यांनी बरोबर एकाच वेळी नाही, दोन-तीन मागेपुढे होती. आप्पा मान तिरकी करून ऐकत होते. “ते तिसरं मागं पडतंय,” म्हणाले.

येताना रस्त्यात मी न राहवून बोललेच. “मिरजेत दगड भिरकावला तरी डॉक्टरला लागेल. आणि तुम्ही दीड वर्षात एकालाही दाखवलं नाही?”

“सगळे माझे गिऱ्हाईक आहेत,” आप्पा म्हणाले. “चाळीस वर्षं त्यांच्या मनगटावरची घड्याळं या हातानं चालू ठेवली. आता त्यांच्यापुढं हाच हात धरू?”

“मग सांगलीला जाऊ.”

“विषय बंद.”

घरी येऊन मी फॅन बंद केला. प्रोसेसर खाचेवर ठेवला. तो दाबायचा नसतो. पिना सरळ असतील तर आपल्या वजनाने आत उतरतो. उतरला. मशीन चालू झालं. संध्याकाळी सुकुमार येऊन नवा गेम बघून हरखला आणि म्हणाला, “आप्पा, बघा, तुमच्या सुनेनं काय केलंय!” आप्पा पेपरामागून म्हणाले, “बघितलंय.” त्या रात्री मला नवऱ्यापासून पहिल्यांदा काहीतरी लपवावं लागलं. ते फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा खुर्ची ओढून माझ्या मागे येऊन बसले. आपण सरळ केलेल्या पिना आत काय करतात, ते त्यांना बघायचं होतं. मी गाड्यांची शर्यत दाखवली. ते म्हणाले, “चक्कर येते.” गोळीबार दाखवला. “हे कशाला?” मग मला स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला कॅरमबोर्ड आठवला. त्याच्यावर जाळी धरली होती. आप्पा तरुणपणी गणपतीतल्या स्पर्धांत ढाली जिंकायचे, हे सुकुमारने सांगितलं होतं. एका सीडीवर कॅरमचा गेम होता, तो मी घातला.

आप्पांचे डोळे बदलले. “राणी बी आहे की!”

मी माऊस त्यांच्या हाताखाली दिला. स्क्रीनवरचा बाण तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा उडायला लागला. स्ट्रायकर भलतीकडेच गेला. आप्पांनी दोन मिनिटं प्रयत्न केला, मग हात खिशात घातला आणि उठून गेले.

माझा माऊस नवा होता, लाल दिव्याचा, श्वास लागला तरी पळणारा. मी तो मिरवत फिरायचे. त्या संध्याकाळी मी माळ्यावरचं खोकं काढलं आणि त्यातून जुना माऊस शोधला, पोटात रबरी गोळी असलेला, जड, दोनदा ढकलला तर एकदा हलणारा. तो जोडला. बाणाचा वेग होता नव्हता तेवढा कमी केला. स्वतः हलवून बघितला, पुन्हा कमी केला. जन्मभर मशीन पुढे नेण्याचा माझा खटाटोप. ते मागे नेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

बुधवारी आप्पांना हाताला धरून बसवलं. “एकदाच, आप्पा.”

त्यांनी हात ठेवला. हात हलत होता. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग हाताकडे. मग परत स्क्रीनकडे.

“ह्यो हलत न्हाई की गं,” ते हळूच म्हणाले. “हात हलतोय, पण बाण हलत न्हाई.”

त्यांनी मारलेली पहिली सोंगटी सरळ गेली आणि कोपऱ्यात पडली. आप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि ओट्यापाशी उगीच उभी राहिले.

त्यानंतर रोज दुपारी आमचा डाव. पहिल्या दिवशी मी जिंकले, दुसऱ्या दिवशीही. शनिवारी त्यांनी मला असं धुतलं की बोलायची सोय राहिली नाही. कोन त्यांच्या रक्तातच होते.

रविवारी दुपारी सुकुमार मित्राकडे गेला होता. मी सोंगट्या मांडता मांडता म्हणाले, “आज पैज.”

“कसली?”

“मी जिंकले तर उद्या सांगलीला डॉक्टरकडे यायचं. माझ्याबरोबर. तिथे तुमचं कुणी गिऱ्हाईक नाही.”

आप्पांचा चेहरा बंद झाला. “आणि मी जिंकलो तर?”

“तर हा विषय मी आयुष्यात काढणार नाही. सुकुमारलाही सांगणार नाही. आईची शपथ.”

बोलून बसले. काल धुतलं होतं त्यांनी मला. पण शब्द गेला होता.

“मांड,” आप्पा म्हणाले.

मी गेमच्या शर्यती खेळले आहे, पुण्यात पन्नास पोरांत एकटी मुलगी म्हणून स्पर्धा खेळले आहे. त्या दुपारएवढा घाम मला कधी फुटला नाही. राणी त्यांनी घेतली, लगेच कव्हरही केली. मी एकामागून एक चार काळ्या घातल्या. ते शांतपणे एकेक पांढरी घालत होते. शेवटी त्यांची एक पांढरी उरली आणि माझी एक काळी. माझी काळी अशा जागी होती की तिला हात लावायची सोय नव्हती. त्यांची पांढरी भोकाच्या तोंडाशी, फुंकर मारली तरी पडेल अशी. आणि पाळी त्यांची.

मी हरले होते. इतका नीट माऊस लावून दिल्याची मला त्या क्षणी चीड आली. विषय संपला, शपथ घेतलेली, आणि आता हा हात असाच खिशात राहणार.

आप्पांनी नेम धरला. बाण पांढरीवर जाऊन स्थिर उभा राहिला. ते तसेच बसून राहिले. किती वेळ कोण जाणे. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ चावत बसले होते, रडणं थांबवायला. मग त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे तोंड केलं आणि बाण अगदी सावकाश, न थरथरता, डावीकडे सरकवला. फटका मारला.

स्ट्रायकर पांढरीला शिवलाही नाही. समोरच्या कडेवर आपटला, परत आला, माझ्या अडकलेल्या काळीला मागून लागला आणि ती घरंगळत जाऊन भोकाच्या अगदी तोंडाशी थांबली.

“हात हलला गं,” आप्पा म्हणाले.

मी कॅरम फार खेळलेली नाही. पण असा फटका चुकून लागत नाही, एवढं मलाही कळतं. माऊस घेतला आणि काळी घातली. मला स्क्रीन धड दिसत नव्हती.

“किती वाजताची गाडी आहे?” आप्पांनी विचारलं.

सोमवारी सकाळी सुकुमारची पाळी उशिराची होती. तो टीपॉयपाशी पेपर पसरून बसला होता. मी चहा घेऊन आले, आप्पांच्या पुढे गेले आणि सवयीने टीपॉयवर जागा करायला वाकले.

“दे इकडं,” आप्पा म्हणाले.

त्यांचा उजवा हात माझ्यापुढे होता. मी कपबशी त्यांच्या हातात दिली. बशी लगेच वाजायला लागली. चहा हिंदकळला, बशीत आला, दोन थेंब पांढऱ्या लेंग्यावर पडले. मी बशीखाली हात धरून उभी राहिले. सुकुमारने पेपरातून मान वर केली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

आप्पांनी एक घोट घेतला.

“बघतोस काय?” ते मुलाला म्हणाले. “कारखान्यात फोन कर, आज येत न्हाई म्हणून सांग. तिघं मिळून सांगलीला जायचंय. हिनं मला हरवलंय.”

आणि ते हसले.